दुकानात आलं की उघडतं

तो खरं तर आत्याकडे आला होता. उजव्या बाहीला कोपरापासून मनगटापर्यंत चीर गेलेली आणि डाव्या हातात चार चाव्यांचा जुडगा. दुकान एकच, पण मधे कमरेइतकी लाकडी फळी घालून त्याचे दोन भाग केलेले. एकीकडे आत्याचं शिलाई मशीन, दुसरीकडे तिच्या भाचीचं चाव्या कापायचं यंत्र आणि बाहेर 'चावीताई' अशी पाटी. आत्यानं त्याला स्टुलावर बसवलं आणि शर्ट अंगावर असतानाच टाके घालायला घेतले. "हात हलवू नका, नाहीतर कातडीसकट शिवीन," असं बजावलंसुद्धा. तो हात त्यानं मुळीच हलवला नाही. दुसऱ्या हातानं मात्र चाव्या वाजवत बसला.

भाची तेव्हा एका तिजोरीच्या चावीवर कानस फिरवत होती. हे काम श्वास रोखून करायचं असतं, आणि कानाशी कुणी खुळखुळा वाजवत असेल तर श्वास काय, जीभसुद्धा रोखता येत नाही.

"तेवढा आवाज थांबवाल का?" ती फळीपलीकडून म्हणाली.

"माफ करा." त्यानं मूठ मिटली. "सवयच लागलीय. कुठली चावी कुठल्या दाराची, ते शोधत असतो दिवसभर."

"एका गाडीला चार चाव्या?"

"चोरांनी तीन दारांची कुलपं फोडली. गॅरेजवाल्यानं नवी बसवली, प्रत्येकाची चावी वेगळी. चौथी जुनी, इंजिन चालू करायची." त्यानं आत्याच्या हाताखालच्या बाहीकडे मान वळवली. "आणि ही बाही त्यातल्याच एका कुलपाच्या पत्र्यानं फाडली."

"गॅरेजवाल्याला विचारलं नाहीत, चार का म्हणून?"

"विचारलं ना. तो म्हणाला, असंच असतं."

'असंच असतं' या दोन शब्दांइतका संताप तिला जगात दुसऱ्या कशाचा येत नसे. तिनं कानस खाली ठेवली, एप्रनला हात पुसले आणि फळीवरून हात पुढे केला.

"असंच नसतं. आणा इकडे."

गाडी बाहेर उभी होती. चौकोनी, पांढरी, पाठीवर दोन मोठे डोळे रंगवलेले. तो चष्मेवाला होता. शाळांमधून, वृद्धाश्रमांमधून गाडी घेऊन जायचा, डोळे तपासायचा आणि चष्मे करून द्यायचा. चोरांनी काय नेलं असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "रिकाम्या फ्रेमा. आता कुणीतरी तीन डझन जाड काळ्या फ्रेमा घेऊन हिंडत असेल." हसताना त्याच्या डाव्या गालाला बारीक खळी पडायची. ते तिनं बघितलं आणि लगेच दाराचे स्क्रू काढायला वळली.

दाराचं आतलं आवरण उतरवलं की कुलपाचा सिलिंडर बाहेर येतो. बोटभर लांबीची धातूची नळी, चावी शिरते ती. तिच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीला चार उंचींपैकी एक उंची. चावीच्या खाचा आणि पट्ट्यांच्या उंच्या जुळल्या की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि नळी फिरते. एक जरी पट्टी केसभर वर राहिली तरी अडते. म्हणजे नवं कुलूप जुन्या चावीला लावायचं, तर जुन्या चावीची एकेक खाच वाचायची आणि त्याप्रमाणे पट्ट्या बदलायच्या. तिनं त्याची जुनी चावी भिंगाखाली धरली, आठ खाचांचे आठ आकडे वहीत लिहिले आणि चिमट्यानं एकेक पट्टी उचलून बसवायला सुरुवात केली. तीन सिलिंडर, चोवीस पट्ट्या आणि चोवीस स्प्रिंगा, त्यातली प्रत्येक स्प्रिंग संधी मिळताच उडून जायला टपलेली.

तो सगळा वेळ शेजारी उभा राहून बघत होता. गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलेलं तिला खपत नसे, पण हा प्रश्न विचारत नव्हता. एक स्प्रिंग उडाली तेव्हा त्यानं गुपचूप वाकून ती मशीनखालून शोधून आणली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

बारा वाजता तिनं त्याच्या जुन्या चावीनं तिन्ही दारं उघडून दाखवली, बंद करून दाखवली.

"एकच चावी. बाकीच्या तीन फेकून द्या. आणि ऐका, आठ वर्षांत माझं एकही काम परत आलेलं नाही."

हे वाक्य ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची. सहाव्या दिवशी तो परत आला.

"अहो… सकाळी दार उघडलं नाही."

"कुठलं?"

"एकही नाही."

तिनं त्याच्या हातातून चावी घेतली. पुढचं दार उघडलं, दुसरं उघडलं, मागचंही उघडलं. तिनं तिन्ही दारं पाच-पाच वेळा उघडली आणि शेवटी त्याच्याकडे बघितलं.

"आत्ता उघडतंय," तो ओशाळून म्हणाला.

"उघडणारच. आणि उघडलं नव्हतं, तर गाडी इथवर आणलीत कशी?"

"नंतर उघडलं. दुपारी."

"दुपारपर्यंत त्याचा राग गेला वाटतं."

तो गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. त्या दिवशी पाऊस धरून लागला होता, दुकानावरचा पत्रा ताडताड वाजत होता आणि तो निथळत दारात उभा. तक्रार तीच. तिनं चावी घातली आणि दार उघडलं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. सिलिंडर खोलून एकेक पट्टी बाहेर काढली, पुसली, नाकाशी धरून निरखली. दोष नाही.

"तुम्ही ती पट्टी नाकाला लावून का बघता?" त्यानं विचारलं.

"बारीक असते म्हणून."

"हातभर लांब धरली तर दिसेल?"

"माझे डोळे उत्तम आहेत."

"मग समोरच्या कॅलेंडरवरची खालची ओळ वाचा बरं."

तिनं धडाधडा वाचून दाखवली. तो खळी पाडून हसला. "पाठ आहे तुम्हाला. त्या ओळीवर आत्याबाईंनी कापडाचा तुकडा टाचून ठेवलाय."

फळीपलीकडून आत्या इतकी हसली की तिचं मशीन थांबलं. चावीताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण डोळे तपासून घ्यावेच लागले. दोन दिवसांनी तो तिच्यासाठी एक बारीक तारेचा चष्मा घेऊन आला, आणि अर्थातच, दार उघडत नसल्याची तक्रारही. चष्मा तिनं नको नको म्हणत लावून बघितला. रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचता आल्या, आणि त्याच्या भुवईवरचा जुना व्रणही दिसला. दार नेहमीसारखं पहिल्या झटक्यात उघडलं.

असं आणखी तीनदा झालं. दार घरी अडायचं आणि दुकानात आलं की उघडायचं. तिनं तेल सोडून बघितलं, ग्रॅफाइटची पूड फुंकून बघितली, कुलपाला शिव्या देऊन बघितल्या. रात्री आडवी झाली तरी डोळ्यांपुढे पितळी पट्ट्या नाचत. आणि खरं सांगायचं तर पट्ट्यांच्या मागे ती खळीही.

"अगं, कुलूप कशाला खोलतेस?" आत्या एकदा बटणं लावता लावता म्हणाली. "बिघाड कुलपात असेल तर सापडेल ना."

"म्हणजे?"

"म्हणजे तो तुला काय हाक मारतो?"

"काही नाही मारत. अहो म्हणतो."

"तेच म्हणतेय मी. अख्खी गल्ली तुला ताई म्हणते. ऐंशी वर्षांचे आजोबा चावीताई म्हणतात. बाहेर पाटीवर हातभर अक्षरात लिहिलंय, आणि हा चष्मेवाला असून ह्यालाच वाचता येत नाही?"

त्या दिवसापासून तिचा हिशेब बिघडला. दुपारी पांढरी गाडी वळणावर दिसली की ती आधी केस सारखे करायची आणि मग स्वतःवरच चिडायची. गाडी दिसली नाही तर जास्तच चिडायची. तो खोटं बोलत असेल, तर तिचं काम चोख होतं आणि तो तिच्यासाठी येत होता. तो खरं बोलत असेल, तर तिचं काम फसलं होतं आणि तो नुसताच कुलपासाठी येत होता. मधलं काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला गिऱ्हाईक खोटारडं निघावं असं मनापासून वाटत होतं.

सातव्या खेपेला तिचा धीर संपला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, आत्या होती, हातात स्क्रू ड्रायव्हर होता. तो दारात येऊन "अहो…" म्हणाला आणि तिचा तोल सुटला.

"पुरे झालं आता. कुलपाला काही झालेलं नाही. सहादा बघितलंय मी. तुम्ही इथं कशासाठी येता ते एकदा सरळ सांगून टाका ना."

ती हे हळू आवाजात, जरा हसून म्हणणार होती. काल रात्री तसंच ठरवलं होतं. प्रत्यक्षात ते पोलीस चौकीतल्यासारखं निघालं. दोन्ही गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्याचा चेहरा उतरला.

"कुलूप उघडत नाही म्हणून येतो," तो म्हणाला. "तुम्हाला इतका त्रास होत असेल, तर… मी दुसरीकडे दाखवतो. माफ करा."

गाडी वळणावरून नाहीशी झाली. आत्यानं कपाळावर हात मारला.

"वा गं. माणसाला असं विचारतात? स्क्रू ड्रायव्हर रोखून?"

"त्यानं सांगितलं ना, कुलपासाठी येतो म्हणून. संपला विषय."

विषय काही संपला नव्हता. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून ती एकटीच बसली आणि चिडचिड करत वही उघडली. त्याच्या चावीचे आठ आकडे. चौथ्या आकड्यापाशी तिच्याच हातचं एक पुसट प्रश्नचिन्ह होतं. तिला ती सकाळ आठवली. चौथी खाच दोन आणि तीनच्या मधेच कुठेतरी होती. जुनी चावी, रोज हजारदा फिरून झिजलेली. झिजून खाच खोल गेलीय हे ओळखून तिथं मूळची दोन नंबरची पट्टी घालायला हवी होती. शिकाऊ माणसाला पहिल्या महिन्यात सांगतात ते. पण शेजारी तो उभा होता, नुकताच खळी पाडून हसला होता, आणि तिनं तीन लिहून टाकलं होतं.

तीनची पट्टी त्या झिजलेल्या चावीला चालणार होती. पण घरी आणखी एखादी चावी असेल, न झिजलेली, तर तिनं दार सात जन्मांत उघडणार नव्हतं. आणि जिनं उघडत नाही ती चावी घेऊन माणूस गाडीतून येईल कसा? तो येणार तो उघडणारीच चावी घेऊन. सहाही वेळा ती त्याच चावीनं तपासून त्याला खोटं पाडत होती.

तिनं वही मिटली. म्हणजे तो खरं बोलत होता. म्हणजे काम फसलं होतं, आणि ती खळी, तो चष्मा, ते अहो, सगळं तिच्या मनाचे खेळ होते. तिला रडू यायला लागलं आणि रडू येतंय म्हणून राग आला. हे कुलूप एकदा नीट झालं की त्याला इकडे फिरकायचं कारणच उरणार नव्हतं. पण फसलेलं काम तसंच ठेवून झोपणं तिच्यानं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. हत्यारांची पिशवी घेऊन सकाळीच तिनं वहीतल्या पत्त्यावर स्कूटर थांबवली. अंगणाचं दार त्याच्या आईनं उघडलं. तिच्या पाठीमागे तो, हातात ओला फडका, अंगणात गाडी धूत असणार. तिला बघून तो फडका पिळायचाच विसरला. पाणी पायावर गळत राहिलं.

तिनं प्रस्तावना केली नाही. केली असती तर जमलं नसतं.

"चूक माझी होती. तुमची चावी झिजलेली आहे, ती मी चुकीची वाचली. घरात दुसरी चावी असेल, तिनं दार उघडत नसणार. तुम्ही खरं सांगत होता आणि मी चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं. मला माफ करा. अर्ध्या तासात दुरुस्त करून देते."

तो तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "हो गं बाई, आहे ना दुसरी. ती बघ खुंटीवर. दोन्ही तिथंच टांगलेल्या असतात, सकाळी हाताला येईल ती हा उचलतो. मीच शोधून काढलं, एकीनं उघडतं आणि एकीनं नाही ते. झाले की पंधरा-वीस दिवस. याला म्हटलं, तिकडे जातोस तेव्हा दोन्ही घेऊन जा, त्यांना लगेच कळेल."

चावीताईनं हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"वीस दिवस?" चावीताई म्हणाली.

तो फडक्याकडे बघत होता.

"वीस दिवसांत तुम्ही चारदा आलात."

"आई, चहाचं बघतेस का?" तो क्षीण आवाजात म्हणाला.

"तुझं बघते मी आधी," आई म्हणाली, पण गेली.

"मी खोटं बोललो नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "त्या चावीनं उघडत नव्हतंच."

"कुठल्या चावीनं, ते बोलला नाहीत. मी झोपत नव्हते. मी त्या पट्ट्या शंभरदा पुसल्या. माझ्या हातातलं कसब गेलं असं वाटायला लागलं होतं मला."

"मला वाटलं, कळलं की तुम्ही पाच मिनिटांत दुरुस्त कराल."

"मग?"

"मग काय… झालं असतं ना दुरुस्त."

तिनं त्याच्याकडे रोखून बघितलं. छातीत काहीतरी भलतंच हलकं झालं होतं आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात पान्हा घालावा असंही वाटत होतं. आता हा पुढचं वाक्य बोलेल म्हणून ती थांबली. तो फडका पिळायला लागला. तिनं मुकाट्यानं पिशवी उघडली.

तिन्ही सिलिंडर निघाले, तिन्हींतली चौथी पट्टी बदलली. तो डबी धरून उभा होता, ती मागेल ती पट्टी तिच्या हातावर ठेवत होता आणि प्रत्येक वेळी बोटं लागली की दोघंही डबीत बघत होते. आता दोन्ही चाव्यांनी तिन्ही दारं उघडत होती.

"झालं," ती म्हणाली. "आता तुम्हाला यायचं काही कारण नाही."

"नाही," तो म्हणाला.

एवढंच. त्याची आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान हलवत होती. चावीताईनं स्कूटरला अशी किक मारली की शेजारच्यांनी बाहेर डोकावून बघितलं.

सोमवार गेला. मंगळवार गेला. पांढरी गाडी वळणावर आली नाही. आत्यानं एकदा विचारलं, "काय गं, कुलूप कसं आहे?" आणि तिच्याकडे बघून पुन्हा विचारलं नाही. बुधवारी दुपारी ऊन रणरणत असताना दुकानाच्या दारात सावली पडली. तो होता. कपाळावरून घाम ओघळत होता, बुटांवर धूळ होती आणि दोन्ही हात रिकामे.

"गाडी कुठंय?" तिनं विचारलं.

"घरी."

"काय बिघडलं आता?"

"काहीच नाही. चालत आलो. गाडी आणली असती, तर तुम्ही आधी कुलूपच बघितलं असतं."

आत्याचं मशीन थांबलं. तिनं ते उगीच पुन्हा सुरू केलं, दोऱ्याशिवाय.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. एका दमात, पाठ केल्यासारखं. "बाही फाटली त्या दिवसापासून. रविवारी अंगणात म्हणायचं होतं. पण तुमच्या हातात पान्हा होता, खिडकीत आई होती, आणि कुलपाच्याच गोष्टीत तेही उरकल्यासारखं झालं असतं. मला ते वेगळं सांगायचं होतं."

"आणि एवढं सांगायला तीन दिवस?"

"दोन दिवस वृद्धाश्रम होता. साठ जणांचे डोळे होते." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "आणि खरं म्हणजे हिंमत होत नव्हती."

"चार किलोमीटर उन्हातून चालत. टोपी नाही, काही नाही. फोन नावाची गोष्ट असते, ऐकलंय का कधी? मी सोमवारपासून त्या वळणाकडे बघून बघून मान आखडून घेतलीय. एका माणसाची चावी उलट्या बाजूनं कापली काल, माहितेय? आठ वर्षांत पहिल्यांदा."

"म्हणजे…?"

"म्हणजे काय म्हणजे. मलाही आवडता तुम्ही. केव्हापासून. कळत नाही का माणसाला?" हे सगळं ती भांडल्यासारखंच म्हणाली, पण चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या, आणि त्या पुसून घ्यायलाही तिला सुचत नव्हतं.

त्यानं पुढे होऊन तिच्या नाकावरचा चष्मा हलकेच काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत बसवला. कानामागची बट बाजूला करताना त्याचा हात क्षणभर तिथंच राहिला.

तिनं एप्रन सोडून खुंटीला अडकवला.

"आत्या, दुकान बघ जरा. ह्यांना घरी सोडून येते."

"जा गं जा," आत्या म्हणाली. "स्कूटरची चावी त्या खणात आहे."

"नको. चालतच जाऊ," ती म्हणाली. "स्कूटरनं लगेच पोचतो."